गल्लीबोळांतून शहर वाचणारे सर पॅट्रिक गेडिस

१९१४ च्या ऑक्टोबर महिन्यात 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात एकामागून एक ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला होता. त्याआधी काही आठवडे तिने मद्रास बंदरावर तोफा डागल्या होत्या आणि किनाऱ्यावरच्या शहरांत घबराट पसरली होती. बुडालेल्या जहाजांत 'क्लॅन ग्रँट' नावाचे एक जहाज होते. त्याच्या पोटात मद्रासकडे निघालेल्या मालाच्या पेट्यांबरोबर एक विलक्षण प्रदर्शन होते : युरोपातील शेकडो शहरांचे नकाशे, जुनी चित्रे, छायाचित्रे, तक्ते आणि आराखडे. एका माणसाने अनेक वर्षे खपून ते जमविले होते. बेल्जियममधील घेंट येथे १९१३ साली त्याचा गौरवही झाला होता. ते सारे समुद्राच्या तळाशी गेले. दुसऱ्या जहाजाने आपल्या मुलासह हिंदुस्थानात येत असलेल्या त्या साठ वर्षांच्या गृहस्थाने मायदेशी मित्रांना कळविले, त्यांनी नवे नकाशे आणि चित्रे गोळा करून पाठविली, आणि १९१५ च्या जानेवारीत मद्रासमध्ये प्रदर्शन ठरल्याप्रमाणे उघडले.

हे गृहस्थ म्हणजे पॅट्रिक गेडिस. पेशाने वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, परंतु जगाला ठाऊक झाले ते नगररचनेचे द्रष्टे म्हणून. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध चांगला दहा वर्षांचा. ठाण्यासारख्या गावांची पाहणी त्यांनी पायी फिरून केली, इंदूरच्या होळकरांसाठी दोन खंडांचा अहवाल लिहिला, आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यासन पहिल्यांदा सांभाळले ते त्यांनीच. शहराचा आराखडा त्या शहरात राहणाऱ्यांना विचारून, किंबहुना त्यांच्याकडूनच करून घ्यावा, हे आज हवामानबदलाच्या चर्चेत वारंवार बजावले जाते. गेडिस तेच शंभर वर्षांपूर्वी सांगत होते आणि त्याबद्दल अभियंत्यांचा रोष ओढवून घेत होते.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा. गांधीजयंतीच्या तारखेमुळे आपल्याकडे ती सहज लक्षात राहावी. स्कॉटलंडमधील बॅलेटर हे जन्मगाव. बालपण मात्र पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवरील एका छोट्या घरात गेले. वडील सैन्यातून निवृत्त झालेले, धार्मिक आणि बागकामाची आवड असलेले. मुलाला त्यांनी भाजीचा वाफा लावायला शिकविले, रानात हिंडवले, टेकडीवरून खालचे शहर आणि नदीचे खोरे दाखविले. उंचावरून आधी सगळा प्रदेश पाहायचा, मग खाली उतरून एकेका घराकडे जायचे, ही सवय त्यांना इथे लागली ती अखेरपर्यंत सुटली नाही. शिक्षण संपल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी दीड वर्ष बँकेत कारकुनी केली. पुढे लंडनला जाऊन थॉमस हक्स्ली यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. प्रत्यक्ष डार्विन यांना प्रयोगशाळेत पाहण्याचे भाग्यही त्यांना लाभले.

हा तरुण सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून आयुष्य काढायचा, पण १८७९ साली मेक्सिकोत शास्त्रीय सफरीवर असताना त्यांची दृष्टी गेली. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले. नजर परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम पुढे फारसे झेपेना. त्या अंधारात त्यांनी खिडकीच्या तावदानांच्या चौकटी हाताने चाचपीत विचार मांडण्याची एक पद्धत शोधली. पुढे कागदाच्या घड्या घालून, प्रत्येक चौकोनात एकेक कल्पना लिहून, तिचा शेजारच्या चौकोनाशी संबंध लावण्याचा त्यांना जणू छंदच जडला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्याकडून घेतलेली स्थळ, काम आणि माणसे ही त्रयी या घड्यांच्या मध्यभागी असे. माणसे जिथे राहतात ती जागा, तिथे ती करतात तो उद्योग आणि त्यांचे घरदार, जातपात, सणवार हे तिन्ही धागे एकमेकांत गुंतलेले असतात. एकाला हात लावला की बाकीचे दोन ताणले जातात. वनस्पतीचा अभ्यास तिची माती वगळून करता येत नाही, तसाच शहराचा अभ्यास शहरातल्या माणसांना वगळून होत नाही, हे जीवशास्त्रज्ञाचे शहाणपण त्यांनी नगररचनेत आणले.

नुसते विचार मांडून ते थांबले असते तर ग्रंथालयापुरते उरले असते. १८८६ साली लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याच्या कन्येशी, अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नवपरिणीत जोडप्याने एडिंबरोच्या नव्या, प्रशस्त वस्तीत घर न घेता जुन्या शहरातील जेम्स कोर्ट नावाच्या पडक्या वाड्यात बिऱ्हाड केले. हा वाडा म्हणजे आपल्या गिरगाव-परळच्या चाळीपेक्षाही दाट. एका जिन्यावर अनेक कुटुंबे, अंगणात कचरा, भिंतींना ओल. प्राध्यापकांनी स्वतः भिंतींना चुना लावायला घेतला, अ‍ॅनाबाईंनी शेजारणींना जमवले, खिडक्यांत फुलझाडांच्या कुंड्या आल्या, अंगण झाडले गेले. काही वर्षांत आसपासच्या इमारती दुरुस्त झाल्या आणि विद्यार्थ्यांनीच चालवलेले वसतिगृह तिथे उभे राहिले. कुणाचे घर पाडले नाही, कुणाला गावाबाहेर घालवले नाही. झोपडपट्टी हटविणे म्हणजे सुधारणा, असे मानणाऱ्या त्या काळात ही गोष्ट नवी होती. आजही ती पुरती जुनी झालेली नाही.

१८९२ साली त्यांनी एडिंबरोच्या किल्ल्याजवळील एक मनोरा ताब्यात घेतला आणि त्याचे लोकांसाठी संग्रहालय केले. पाहणाऱ्याने आधी जिने चढून थेट माथ्यावर जायचे. तिथे काळोख्या खोलीतल्या पांढऱ्या मेजावर भिंगांच्या योगे साऱ्या शहराचे हलते चित्र उमटे. मग मजल्यामजल्याने खाली उतरायचे : पहिल्यांदा एडिंबरो, मग स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषा बोलणारे देश, मग युरोप आणि शेवटी तळमजल्यावर जग. जगाचा विचार करावा आणि काम गावात करावे, हा पर्यावरण चळवळीतला प्रसिद्ध मंत्र पुष्कळदा गेडिस यांच्या नावे सांगितला जातो. त्या शब्दांत तो त्यांच्या ग्रंथांत आढळत नाही; पण तो मनोरा चढून उतरलेल्या माणसाला मंत्राची गरज राहत नसावी.

डंडी येथील कॉलेजात १८८८ पासून त्यांना वनस्पतिशास्त्राचे अध्यासन मिळाले होते, आणि तेही असे सोयीचे की वर्षातून उन्हाळ्याचे तीनच महिने शिकवावे लागे. उरलेले नऊ महिने ते शहरांना देत. डनफर्मलिन या गावासाठी १९०४ साली त्यांनी उद्याने आणि संस्थांचा मोठा आराखडा लिहिला. ज्यांनी तो मागविला त्या विश्वस्तांनी तो बाजूला ठेवला. पुढच्या आयुष्यात हे अनेकदा घडायचे होते.

१९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिटीज इन इव्होल्यूशन' या ग्रंथात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या, ज्या आज वाचताना चकित व्हायला होते. पहिली म्हणजे कोळशाविषयीची. कोळसा, वाफ, धूर आणि कोंदट चाळी यांवर उभ्या असलेल्या कारखानदारीच्या युगाला त्यांनी उद्योगाचे आदिम, जवळपास अश्मयुगीन पर्व ठरविले. निसर्गाने कोट्यवधी वर्षांत साठविलेली पुंजी जाळून टाकणे याला ते संपत्ती निर्माण करणे मानायला तयार नव्हते. त्यामागून जलविद्युत, स्वच्छ हवा, बागा आणि कारागिरी यांचे नवे पर्व येऊ घातले आहे, असा त्यांचा भरवसा होता. नॉर्वेतील धबधब्यांवरची वीज हे त्यांचे आवडते उदाहरण. कार्बन आणि तापमानवाढ यांचा हिशोब तेव्हा त्यांच्यासमोर नव्हता, हे खरे. परंतु एका ऊर्जेकडून दुसरीकडे जाणे म्हणजे यंत्रे बदलणे नसून शहर आणि शहरातील माणसांचे जगणे बदलणे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे वाढत वाढत एकमेकांत मिसळलेल्या शहरांच्या पुंजक्याला त्यांनी दिलेले नाव. लंकेशायरमधील गावे रेल्वेच्या रुळांवरून पसरत एकजीव होत असल्याचे पाहून त्यांनी 'कोनर्बेशन' हा शब्द बनविला. चर्चगेटहून विरारची लोकल पकडणाऱ्याला या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

तर असे हे गेडिस मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून इथे आले आणि पुढील काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातील कित्येक शहरांवर अहवाल लिहिले. मदुरा, तंजावर, बडोदे, लखनौ, लाहोर, बलरामपूर, कपूरथळा, इंदूर अशी ती यादी लांबत जाते. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने मोठ्या शहरांत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापले होते. मुंबईचा ट्रस्ट १८९८ चा. दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ता काढायचा, वाटेत येतील ती घरे जमीनदोस्त करायची, म्हणजे हवा खेळेल आणि रोग पळेल, असे हे शास्त्र. ज्यांची घरे गेली ती माणसे जायची कुठे? शेजारच्याच गल्लीत. म्हणजे तिथली दाटी दुप्पट आणि भाडेही वाढलेले. रोग बरा करण्याच्या नावाखाली तो पुढच्या आळीत ढकलला जातो, हे गेडिस यांनी अहवालामागून अहवालात दाखवून दिले.

त्यांची स्वतःची रीत वेगळी होती. पहाटे उठून ते पायी निघत. दाढी वाढलेली, कपड्यांकडे लक्ष नाही, हातात नकाशा आणि मागे धापा टाकणारे नगरपालिकेचे अधिकारी. बोळ, मोऱ्या, देवळे, पिंपळाचे पार, विहिरी, पडकी घरे, रिकाम्या जागा हे सारे ते नकाशावर टिपीत. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे पाहणीवाचून आराखडा करू नये, हा त्यांचा दंडक. मग ते फक्त अगदीच मोडकळीला आलेली एकदोन घरे काढायला सांगत, त्यातून मिळालेल्या मोकळ्या जागा जोडून छोटासा चौक करीत, तिथे झाड आणि बसायला ओटा सुचवीत, आणि वाकडा बोळ वाकडाच राहू देत. या पद्धतीला त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेचे नाव दिले होते. तंजावर येथे त्यांनी दाखवून दिले की अशा उपायाला सरळ रस्त्याच्या योजनेच्या मानाने अगदीच थोडा खर्च येतो. शिवाय जवळपास सर्वच घरे आपापल्या जागी राहतात.

मुंबई इलाख्यातील गावांची पाहणी १९१५ ची. मुंबई सरकारने हिंदुस्थानातला पहिला नगररचना कायदा केला तोही याच वर्षी. या पाहणीत ठाणे होते. तेव्हाचे ठाणे म्हणजे खाडी, तलाव, वाड्या आणि रेल्वे. वसई तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर जिल्हा होऊन तो त्यात जायला २०१४ साल उजाडायचे होते. नळाचे पाणी आले की विहिरी बुजवाव्यात आणि डासांच्या भीतीने तलाव भरून टाकावेत, असा आरोग्य खात्याचा आग्रह त्या काळी सर्वत्र असे. गेडिस यांनी त्याला कडकडून विरोध केला. कोणतीही नळयोजना कधी ना कधी बंद पडतेच. गावातल्या जुन्या विहिरी हा पूर्वजांनी उतरविलेला विमा आहे आणि तो मोडून खाऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. तलावांबाबत तर ते अधिकच आग्रही. तलाव पावसाचे लोंढे पोटात घेतो, उन्हाळ्यात भोवतालची हवा थंड ठेवतो आणि गावाला जमायला जागा देतो. डास होत असतील तर गाळ काढावा, मासे सोडावेत, बदके पाळावीत. रोग्याला मारून रोग बरा करू नये.

ही शंभर वर्षांपूर्वीची मसलत वाचताना वसई-विरारकराला आपल्या बावखलांची आठवण व्हावी. वाडीतल्या केळी आणि भाजीला रहाटाने पाणी देण्यासाठी खणलेली ही छोटी तळी वसईच्या शेतीचा प्राण होती. घरबांधणीच्या रेट्यात कितीतरी बावखले भरावाखाली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने जे आंदोलन उभे राहिले, ते मुळात पाणी आणि जमीन यांवर स्थानिकांचे काही म्हणणे ऐकले जावे यासाठी होते. सिडकोने तयार केलेला २००१ ते २०२१ या मुदतीचा विकास आराखडा मंजूर झाला तो २००७ मध्ये. महापालिका आली २००९ मध्ये. आणि २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती बारा लाखांच्या पुढे गेलेली होती. विरार पूर्वेला मनवेलपाड्यासारख्या भागात इमारती आणि चाळी इतक्या वेगाने उभ्या राहिल्या की आराखड्याचा कागद मागे आणि वस्ती पुढे अशी शर्यतच लागली. पाडा हा शब्द तेवढा जुन्या गावाची खूण म्हणून राहिला, आणि एक तलाव. २०१८ च्या जुलैत वसई, नालासोपारा आणि विरार दिवसचे दिवस पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, मिठागरातली माणसे अडकली. पाणी जाणार कुठून, याचा शोध घेण्यासाठी त्यानंतर नीरी आणि आयआयटीच्या तज्ज्ञांना बोलवावे लागले. गेडिस असते तर त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा पाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारला असता, असे त्यांचे अहवाल वाचून वाटते. पूर्वी पाणी कोणत्या वाटेने खाडीला जाई, हे नकाशापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

१९१७ हे साल गेडिस यांना फार जड गेले. मद्रासच्या प्रदर्शनात बापाबरोबर खांद्याला खांदा लावून राबलेला थोरला मुलगा अ‍ॅलस्डेअर त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला. ती बातमी आली तेव्हा अ‍ॅनाबाई हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी त्यांना मुलाच्या मृत्यूविषयी कळू दिले नाही. त्याची आधीची पत्रे ते त्यांच्या उशाशी बसून वाचून दाखवीत राहिले. जूनमध्ये कलकत्त्यात त्यांचेही निधन झाले. जेम्स कोर्टच्या ओल्या भिंतींपासून बरोबर असलेली सोबत संपली. दार्जिलिंगला त्या उन्हाळ्यात जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ यांच्या सहवासात एक शिबिर ठरले होते. गेडिस यांनी ते रद्द केले नाही.

इंदूर येथील त्यांचे काम याच सुमाराचे, आणि साऱ्या आयुष्यातले कदाचित सर्वात रसाळ. शहरात प्लेग आणि हिवतापाचा धुमाकूळ होता. नकाशा घेऊन बोळांतून फिरणाऱ्या या गोऱ्या म्हाताऱ्याला पाहून लोक आत पळत. सरकारचा माणूस घर पाहून गेला की मागाहून पाडणारे येतात, हा अनुभव होता. लोकांचा विश्वास नसेल तर पाहणीचा उपयोग नाही, हे गेडिस यांनी जाणले. त्यांनी होळकर दरबाराकडे एक अजब मागणी केली : एका दिवसापुरते आपल्याला महाराज करावे. ती मान्य झाली. मग दवंडी पिटली गेली की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या हिंदू वा मुसलमानी वाटेने निघणार नाही. ज्या गल्लीत सर्वात जास्त घरे झाडून, दुरुस्त करून, रंगवून तयार असतील त्या गल्लीतून ती जाईल. कचरा फुकट वाहून नेण्याची सोय केली गेली. इंदूर शहर कामाला लागले. गाड्यांमागून गाड्या भरून घाण बाहेर पडली आणि उंदरांची तर कत्तलच झाली.

मिरवणुकीत पुढे हत्ती, घोडे, कापसाच्या आणि धान्याच्या गाड्या. त्यामागे घाणीचे आणि रोगांचे राक्षस; त्यांत एक अजस्र उंदीर आणि प्रचंड डास. आणि त्यांच्या पाठोपाठ, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शहराचे सफाई कामगार. नवी पांढरी वस्त्रे, गळ्यात हार, सजविलेले झाडू, फुलांनी मढविलेल्या गाड्या. ज्यांची सावली टाळली जाई त्यांना शहराने त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध वाजतगाजत नेले. शेवटी नगरदेवता आणि तिच्यामागे भावी शहराच्या प्रतिकृती : ग्रंथालय, संग्रहालय, बागा, नवी घरे. वाटेत तुळशीची रोपे वाटली गेली. अंगणातले वृंदावन हे घराच्या स्वच्छतेचे आणि घरच्या बाईच्या निगराणीचे केंद्र आहे, असे गेडिस यांचे मत होते. रात्री राक्षस आणि उंदीर जाळण्यात आले, दारूकाम झाले. त्यानंतर प्लेग ओसरला, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. ऋतू पालटल्याचाही त्यात हात असणार. पण दुसऱ्या दिवसापासून इंदूरकर त्यांना बोलावून आपले बोळ दाखवू लागले, हा फरक ऋतूमुळे झालेला नव्हता.

१९१८ साली आलेला त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांचा आहे. त्यात गटारांच्या महागड्या योजनेऐवजी मैला आणि सांडपाणी बागांना खत म्हणून देण्याचे गणित आहे, कामगारवस्त्यांचे नकाशे आहेत, विद्यापीठाची कल्पना आहे. सफाई कामगारांच्या घरांचा विचारही आहे. पण एका दिवसाच्या हारांनी जातीची उतरंड हलली नाही, हे नमूद करायलाच हवे. गेडिस यांना जात ही बहुतांशी कामाची विभागणी वाटे. तिच्यातला अन्याय त्यांना पुरता दिसला नाही. महाराष्ट्रात जोतिराव फुले यांनी त्यापूर्वी कित्येक वर्षे पाणवठ्याचा प्रश्न कुणाच्या विहिरीवर कुणाला हक्क, असा विचारला होता. गेडिस विहिरीच्या रक्षणापर्यंत आले, त्या प्रश्नापर्यंत आले नाहीत.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग उघडला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. व्याख्याते म्हणून त्यांची ख्याती संमिश्र. बोलणे दाढीमिशांत अडकायचे, विषय एका वाक्यात वनस्पतींवरून ग्रीसला जायचा आणि परीक्षेला काय लिहावे हे पोरांना कळायचे नाही. मात्र एका विद्यार्थ्याला त्यांनी अचूक हेरले. मालवणचा, मुळात संस्कृतचा अभ्यासक असलेला हा तरुण म्हणजे गोविंद सदाशिव घुर्ये. मुंबई शहरावर त्याने लिहिलेला निबंध पाहून गेडिस यांनी त्याला इंग्लंडला पाठविण्याची शिफारस केली. घुर्ये केंब्रिजहून परतले आणि १९२४ पासून हाच विभाग त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ चालविला. गुरूची नगररचना त्यांनी फारशी पुढे नेली नाही. पण भारतातील समाजशास्त्रज्ञांची एक पूर्ण पिढी मुंबईच्या त्या वर्गातून बाहेर पडली.

गेडिस मुंबईत शिकवीत होते तेव्हा त्यांचे भाकीत केलेले नवे पर्व शहराच्या दाराशी आले होते. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि गिरण्यांना कोळशाऐवजी सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली. मुंबईचे धुराडे थंडावायला लागले ही चांगलीच गोष्ट. पण १९२१ साली मुळशीच्या खोऱ्यात त्याच विजेच्या धरणासाठी मावळ्यांची भातखाचरे आणि गावे बुडणार म्हणून सत्याग्रह उभा राहिला. त्याचे नेतृत्व करताना पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले आणि तुरुंगात गेले. वीज स्वच्छ, शहर स्वच्छ, आणि त्याची किंमत मोजली ती ज्यांच्या घरात दिवा लागणार नव्हता त्यांनी. संक्रमण न्याय्य असावे, असे आज जागतिक परिषदांत जे सांगतात, त्याचा धडा महाराष्ट्राने मुळशीत घेतला होता. स्थळ, काम आणि माणसे या त्रयीत मुळशीचा शेतकरी अगदी चपखल बसतो. नव्या ऊर्जेच्या पर्वाचे स्वप्न रंगविणाऱ्या ग्रंथात मात्र त्याच्यासाठी पान नाही.

त्यांच्या कामाच्या आणखीही मर्यादा होत्या. परक्या सरकारच्या आणि संस्थानिकांच्या आमंत्रणावरून आलेला माणूस लोकांच्या सहभागाची गोष्ट करीत होता. लोकांच्या हाती सत्ता नव्हतीच. अधिकारी अहवालाची तारीफ करून तो कपाटात ठेवीत. लाहोरमध्ये त्यांनी पाडापाडीच्या योजनेवर तुटून पडल्याने अभियंते दुखावले गेले. पॅलेस्टाईनमध्ये जेरुसलेम आणि १९२५ साली तेल अवीवसाठी त्यांनी काम केले. तेल अवीवच्या आराखड्यातील छोटे गट आणि मधल्या बागा आजही त्या शहरात दिसतात. पण शेजारच्या जाफातील अरबांचे पुढे काय झाले, ते जगाला ठाऊक आहे.

प्रकृती ढासळल्यामुळे १९२४ साली ते हिंदुस्थान सोडून दक्षिण फ्रान्समधील माँपेलिये येथे गेले. ओसाड टेकडीवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बांधायला घेतले, झाडे लावली, भिंती रचल्या, आणि पैशाच्या विवंचनेत अखेरची वर्षे काढली. अमेरिकेतील त्यांचे शिष्य लुईस ममफर्ड यांनी त्यांचे विचार जगभर पोहोचविले. मात्र गुरूचे विस्कळीत कागद लावून देण्याचे काम त्यांनी पत्करले नाही आणि त्याची खंत दोघांनाही राहिली. पूर्वी एकदा नाकारलेला 'सर' हा किताब गेडिस यांनी १९३२ च्या प्रारंभी स्वीकारला. तो घेण्यासाठी लंडनच्या कडाक्याच्या थंडीत केलेला प्रवास त्यांना बाधला. १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिये येथे त्यांचे निधन झाले.

मुंबई इलाख्यातील गावांवरचे त्यांचे १९१५ चे अहवाल महाराष्ट्र शासनाने १९६५ साली पुन्हा छापले. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, राज्याचा प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा आला. त्या कायद्यात आराखडा तयार होऊन प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागविण्याची तरतूद आहे. माझी वसुंधरा अभियान २०२० मध्ये २ ऑक्टोबरलाच सुरू झाले आणि मुंबईची हवामान कृती योजना २०२२ साली आली. वॉर्डावॉर्डांत कोणत्या वस्तीला पुराचा आणि उष्णतेचा धोका जास्त, याचे नकाशे तिच्यात आहेत. हरकती मागविण्याचा क्रम मात्र तोच आहे : नकाशा आधी, माणसे मागून. ठाण्याच्या तलावांभोवती गेडिस हिंडले, तेव्हा त्यांच्या हातातल्या कागदावर पहिल्या दिवशी काहीही आखलेले नसे.